रस्त्याखालच्या जागेचा करार: महापालिका आणि सेवा कंपन्यांमधील कागद कसा तयार करावा

पुण्यातील एखाद्या जुन्या रस्त्याचा आडवा छेद घेतला, तर महापालिकेच्या जलवाहिनी, मलवाहिनी आणि पावसाळी वाहिनीच्या आजूबाजूला महावितरणच्या केबल, महाराष्ट्र नॅचरल गॅसची नळी आणि वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांचे डक्ट, म्हणजे केबल ओवण्याच्या नळ्या, दाटीवाटीने बसलेले दिसतात. पेठांमध्ये तर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या जलवाहिनीचे भुयार आणि तिचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी ठेवलेली उभी बांधकामे, हेही वाटेत येतात. जागा एका संस्थेच्या ताब्यात आणि वाहिन्या अनेकांच्या, अशी ही स्थिती असल्यामुळे प्रत्येक वाहिनीमागे एक नेटका करार असणे आवश्यक आहे. असा करार लिहिणारे विधी अधिकारी, तो राबवणारे पथ विभागाचे अभियंते, कंपनीच्या वतीने परवानग्या घेणारे अधिकारी आणि माहिती अधिकारात तो मिळवून वाचणारे नागरिक या सर्वांसाठी हे मार्गदर्शन आहे. वाटाघाटींचा बहुतेक वेळ दरावर खर्च होतो, वाद मात्र पुढे वेगळ्याच तीन प्रश्नांवर होतात, असा माझा अनुभव आहे. वाहिनी नेमकी कोठे आहे, खणलेला रस्ता पूर्ववत कोणी व कसा करायचा, आणि उद्या ती जागा लागली तर वाहिनी कोणाच्या खर्चाने हलवायची, हे ते तीन प्रश्न. म्हणून पुढील विवेचनाचा मोठा भाग त्यांनाच दिला आहे.

हा करार नेमका कशाचा आहे, हे आधी ठरवावे

सदनिका भाड्याने देणाऱ्या पुणेकरांना ‘लिव्ह अँड लायसन्स’ आणि भाडेपट्टा यांतील फरक चांगला ठाऊक असतो. पहिल्यात फक्त वापराची परवानगी मिळते, तर दुसऱ्यात जागेत हक्क निर्माण होतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये परवानगीची आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ मध्ये भाडेपट्ट्याची व्याख्या दिलेली आहे. कागदावर कोणते शीर्षक लिहिले आहे यापेक्षा पक्षकारांनी प्रत्यक्षात काय दिले-घेतले, हे पाहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्सच्या प्रकरणात १९५९ मध्येच स्पष्ट केले आहे.

व्यवहारात याची एक सोपी कसोटी आहे: किल्ली कोणाकडे राहणार? रस्त्याखालून जाणाऱ्या केबलला कुंपण नसते, तिच्यावरून वाहने जात राहतात आणि रस्त्याचा ताबा महापालिकेकडेच राहतो, त्यामुळे तिथे वापराची परवानगी पुरेशी असते. वीज उपकेंद्र, गॅसचे दाब नियंत्रण केंद्र किंवा मनोरा यांसाठी जागेला कुंपण घालून कंपनी स्वतःचे कुलूप लावणार असेल, तर तो व्यवहार भाडेपट्ट्याकडे झुकतो. अशा वेळी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ लागू होते, ज्यानुसार स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे सक्तीची आहे. केबलचा मार्ग आणि उपकेंद्राचा भूखंड एकाच करारात कोंबण्याचा मोह टाळावा, कारण दोहोंची मुदत, मोबदला आणि मंजुरीची पायरी वेगळी असते.

जागा कोणाची आणि कायदा कोणता

सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित होतात ही तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २०२ मध्ये आहे, परंतु शासनाकडे असलेले रस्ते तिने वगळले आहेत. पुण्यात हा अपवाद फार महत्त्वाचा ठरतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिका हद्दीत आली, मात्र हद्द वाढली म्हणून त्या गावांतील प्रत्येक रस्ता त्याच दिवशी महापालिकेच्या ताब्यात आला, असे गृहीत धरता येत नाही. रस्त्याचा काही भाग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, पुढचा तुकडा छावणी मंडळाच्या हद्दीतला, मध्येच कालव्याची जागा आणि शेवटी रेल्वेमार्ग ओलांडण्याचा प्रश्न, असा एकाच मार्गाचा प्रवास असू शकतो. त्यामुळे मसुद्याला हात घालण्यापूर्वी मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकासमोर ताबा कोणाचा आणि त्याचा पुरावा काय, म्हणजे मिळकत पत्रिका, सात-बारा उतारा, हस्तांतरणाचे पत्र किंवा विकास योजनेतील नोंद, हे लिहून काढावे. गृहप्रकल्पांच्या अंतर्गत रस्त्यांबाबत तर हे अवश्य करावे, कारण तिथे वर्षानुवर्षे डांबर महापालिकेने टाकलेले आणि जमीन मूळ मालकाच्या नावावर, असेही आढळते.

यानंतर कंपनीला तिच्या स्वतःच्या कायद्याने काय दिले आहे ते तपासावे. वीज वितरण परवानाधारकाला विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६७ अन्वये रस्ता खोदण्याचा अधिकार आहे, पण त्याच कलमात शक्य तितके कमी नुकसान करण्याचे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देण्याचे बंधनही आहे. दूरसंचारासाठी पूर्वी १८८५ चा तार अधिनियम आणि २०१६ चे ‘राइट ऑफ वे’, म्हणजे वाहिनी नेण्याच्या हक्काचे, नियम होते. आता दूरसंचार अधिनियम, २०२३ आणि त्याखालील, १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेले नवे नियम पाहावे लागतात. या चौकटीत महापालिकेला मनमानी शुल्क लावता येत नाही, परवानगी नाकारायची तर लेखी कारणे द्यावी लागतात आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणून दूरसंचार कंपनीचा अर्ज ज्या दिवशी आला त्या दिवसाची पोच आणि त्रुटी कळवल्याचे पत्र या दोन कागदांना अतिशय महत्त्व आहे. शहरी गॅस वितरणाची अधिकृतता पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ अधिनियम, २००६ खाली मिळते, ती मिळाली म्हणून रस्ता खोदण्याची स्वतंत्र परवानगी टळत नाही. तिन्ही प्रकारच्या कंपन्यांना एकच छापील नमुना देण्याची पद्धत सोयीची वाटते, पण कायद्याशी विसंगत कलमे न्यायालयात टिकत नाहीत आणि त्यांच्याबरोबर चांगली कलमेही वादात सापडतात.

व्याख्यांच्या कलमाविषयी एकच सूचना. पथ विभागाच्या तोंडी ‘डीपी’ म्हणजे विकास योजना आणि विद्युत विभागाच्या तोंडी ‘डीपी’ म्हणजे फुटपाथवरची वीज वितरणाची पेटी. ‘डीपीच्या पूर्वेस दोन मीटर’ हे वाक्य दोन्ही विभागांनी वाचले, की वाद तयारच असतो. संक्षेप टाळावेत किंवा व्याख्या करून वापरावेत.

नकाशा हाच कराराचा गाभा

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे वाचायला आलेल्या एका जुन्या करारात मार्गाचे वर्णन ‘चौकापासून मंदिरापर्यंत रस्त्याच्या कडेने’ इतकेच होते. करार झाल्यानंतर रस्ता दोन्ही बाजूंनी रुंद झाला. जी एके काळी कड होती, ती दुचाकींच्या मार्गिकेच्या मधोमध आली, चेंबरची झाकणे रस्त्याच्या पातळीखाली गेली आणि कंपनीचे म्हणणे पडले, की आम्ही करारात लिहिलेल्या जागीच आहोत. ते म्हणणे चूक होते असे मला आजही म्हणता येत नाही, कारण कोणती कड, हे कागदाने सांगितलेच नव्हते.

वाहिनीचे स्थान बदलू शकणाऱ्या वस्तूंवरून सांगू नये. कठडा, फुटपाथची कड, झाड, दुकान, पाटी या सर्व गोष्टी हलतात. मार्गाच्या सुरुवातीचा, शेवटचा आणि प्रत्येक वळणाचा अक्षांश-रेखांश द्यावा, विकास योजनेतील रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचे अंतर द्यावे आणि खोली सांगताना ती वाहिनीच्या माथ्यापर्यंत मोजली आहे की तळापर्यंत, हे नमूद करावे. उदाहरणार्थ, ‘मध्यरेषेच्या पूर्वेस ४.२० मीटर, वाहिनीचा माथा रस्त्याच्या पृष्ठभागाखाली १.२० मीटर’ अशी नोंद पंचवीस वर्षांनीही वाचता येते. पृष्ठभागाची पातळी डांबराच्या थरांमुळे चढत जाते, त्यामुळे कायम खुणेच्या (बेंचमार्कच्या) संदर्भाने पातळीही दिली तर अधिक चांगले. शहरी रस्त्यांमध्ये कोणती सेवा कोठे व किती खोल असावी, याबाबत इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:९८ ही मार्गदर्शिका आहे आणि तिचा हवाला करारात द्यावा.

पुण्यात खोलीबाबत एक स्थानिक अडचण येते. शहराचा बराच भाग काळ्या पाषाणावर वसलेला आहे आणि टेकड्यांच्या कुशीतील भागांत थोडे खणल्यावर खडक लागतो. ब्रेकरचे भाडे वाचवण्यासाठी ठेकेदाराची माणसे तिथे वाहिनी वरच टाकतात आणि नकाशावर मात्र मंजूर खोलीच लिहिली जाते. यासाठी असे कलम घालावे: ‘मंजूर खोली गाठणे खडकामुळे शक्य नसल्यास कंपनीने काम थांबवून अभियंत्याची लेखी संमती घ्यावी, वाहिनी काँक्रीटच्या आवरणात टाकावी आणि प्रत्यक्ष खोली नकाशात दर्शवावी.’

मंजूर नकाशा आणि काम झाल्यानंतरचा नकाशा हे दोन वेगळे कागद आहेत. दुसरा कागद मिळवण्याचा माझ्या मते एकच खात्रीचा मार्ग आहे: अनामतीचा ठळक हिस्सा तो नकाशा संगणकीय स्वरूपात दाखल होऊन अभियंत्याने दोन-चार ठिकाणी पडताळून पाहीपर्यंत परत करू नये. अन्य सर्व विनंत्या आणि स्मरणपत्रे यांचा उपयोग मी फारसा झालेला पाहिलेला नाही.

खोदाई आणि रस्ता पूर्ववत करणे

खोदाईपूर्वी केंद्राच्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या २०२३ मध्ये सुरू झालेल्या ॲपवर सूचना देणे, इतर सेवांच्या प्रतिनिधींना जागेवर बोलावणे आणि चाचणी खड्डे घेऊन मगच यंत्र लावणे, ही क्रमवारी करारात बंधनकारक करावी. आडव्या ड्रिलिंगने, म्हणजे एचडीडी पद्धतीने वाहिनी टाकताना रस्ता वरून शाबूत राहतो, म्हणून ती पद्धत सर्वांना प्रिय आहे, परंतु जमिनीखाली कोणती मलवाहिनी भेदली गेली हे पहिला पावसाळा येईपर्यंत कळत नाही. अशा कामानंतर जवळच्या मलवाहिनीची कॅमेऱ्याने तपासणी कंपनीच्या खर्चाने करण्याचे कलम असावे.

पावसाळ्यातील बंदीचा काळ तारखांसह लिहावा. ‘पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण करावे’ या वाक्यातून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नवा चर खणण्याची पळवाट निघते. शेवटची खोदाई कोणत्या तारखेपर्यंत आणि डांबरीकरण कोणत्या तारखेपर्यंत, अशा दोन स्वतंत्र तारखा द्याव्यात.

आता पूर्ववत करण्याचा मुद्दा. खणलेल्या मातीनेच चर भरून वर डांबराची पट्टी मारली, की ती काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि चराच्या रेषेत रस्ता खचतो. म्हणून भराव मुरमाचा, १५० ते २०० मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर दाबून आणि त्याची घनता चाचणी घेऊन करावा, असे परिशिष्टात लिहावे. त्याहून मोठा प्रश्न रुंदीचा असतो. समजा, ५०० मीटर लांबीचा आणि ०.४५ मीटर रुंदीचा चर आहे, तर केवळ चराचे क्षेत्र २२५ चौरस मीटर भरते. साडेतीन मीटरची पूर्ण मार्गिका पुन्हा करायची ठरवली, तर तेच क्षेत्र १,७५० चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ आठपट. करारात ‘रस्ता पूर्ववत करणे’ एवढेच लिहिले तर कंपनी पहिला आकडा धरते आणि नागरिकांची अपेक्षा दुसऱ्याची असते. कोणत्या रस्त्यावर कोणते क्षेत्र, हे रस्त्याच्या प्रकारानुसार तक्त्यात द्यावे.

काम कंपनीने करायचे की महापालिकेने पैसे घेऊन, याविषयी दोन मते आहेत. माझे मत असे, की चर भरणे व दाबणे कंपनीने करावे आणि वरचे अंतिम डांबरीकरण महापालिकेने ठेव रकमेतून करावे, कारण वरचा थर एकसंध राहिला तरच दोषाची जबाबदारी ठरवता येते. मात्र त्यासाठी ठेव त्या रस्त्याच्या नावाने स्वतंत्र दाखवली पाहिजे, अन्यथा पैसे सर्वसाधारण जमेत जातात आणि चर तसाच राहतो.

रस्ता दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याच्या काळात, असेल तर अधिक काळजी घ्यावी. जंगली महाराज रस्त्याची गोष्ट पुण्यात नेहमी सांगितली जाते, ती १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीने तो बांधताना दिलेल्या दहा वर्षांच्या हमीमुळे. अशी हमी असलेला रस्ता तिसऱ्याने खणला, की मूळ ठेकेदार हात वर करतो. त्यामुळे खोदाईपूर्वी मूळ ठेकेदार, अभियंता आणि कंपनी यांची संयुक्त पाहणी करून छायाचित्रांसह पंचनामा करावा आणि चराच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक रुंदीपुरती हमी आता कंपनीकडे आली, असे लिहून घ्यावे. कंपनीच्या स्वतःच्या हमीची मुदत महिन्यांत मोजण्यापेक्षा पावसाळ्यांत मोजावी, किमान दोन पूर्ण पावसाळे.

वाहिनी हलवण्याचा खर्च

सही होताना या कलमाकडे कोणी फारसे पाहत नाही आणि पुढे सर्वांत महाग तेच पडते. कर्वे रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे करताना किंवा कोठेही उड्डाणपुलाचा पाया घेताना आधी जमिनीखालच्या सेवा हलवाव्या लागतात. जागा मागणारी संस्था महापालिका नसून महामेट्रो, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) किंवा शासनाचा एखादा विभाग असू शकतो आणि तो या कराराचा पक्षकार नसतो. त्यामुळे ‘महापालिकेने मागणी केल्यास’ एवढ्या शब्दांनी काम भागत नाही.

मी सुचवतो ते कलम साधारण असे आहे: ‘महापालिकेने स्वतःच्या किंवा तिने लेखी कळवलेल्या कोणत्याही सार्वजनिक प्राधिकरणाच्या सार्वजनिक कामासाठी वाहिनी हलवण्याची सूचना दिल्यास, लागू कायदा व नियम यांना अधीन राहून, कंपनीने सूचनेपासून नव्वद दिवसांत वाहिनी पर्यायी मार्गावर हलवावी. महापालिकेने पर्यायी मार्ग सूचनेसोबतच दर्शवावा.’ यातील शेवटचे वाक्य महापालिकेच्या वकिलांना आवडत नाही, पण पर्यायी जागा न देता दिलेली मुदत कंपनीला पाळता येत नाही आणि तिचे उल्लंघन सिद्धही करता येत नाही.

खर्चाबाबत कालमर्यादेची पायरी ठेवणे न्याय्य ठरते. वाहिनी टाकल्यापासून पहिल्या पाच वर्षांत, महापालिकेला आधीपासून ठाऊक असलेल्या कामासाठी ती हलवावी लागली, तर खर्चाचा वाटा महापालिकेने उचलावा. त्यानंतर तो कंपनीने सोसावा. खासगी विकसकाच्या सोयीसाठी हलवायची असेल, तर खर्च सर्वस्वी त्याचा. वीज वाहिन्यांच्या बाबतीत रस्तारुंदीकरणाच्या अंदाजपत्रकातच स्थलांतराची रक्कम धरण्याची वहिवाट आहे. ती बदलायची असेल तर करारात स्पष्ट लिहावे लागेल, मौनाचा अर्थ जुन्या वहिवाटीच्या बाजूने लावला जातो.

पैसे, मुदत आणि हस्तांतरण

रक्कम तीन डब्यांत वेगळी ठेवावी: प्रशासकीय शुल्क, पूर्ववत करण्याचा खर्च आणि वापराचा मोबदला. दूरसंचाराच्या बाबतीत तिसऱ्या डब्याला नियमांनी मर्यादा घातली आहे, त्यामुळे सर्व रकमा एकत्र करून ‘खोदाई शुल्क’ म्हणणे धोक्याचे आहे. मोबदल्याऐवजी कंपनी महापालिकेसाठी एक-दोन मोकळे डक्ट टाकून देणार असेल, तर त्यांची किंमत, मालकी आणि देखभाल कागदावर आणावी. रिकामा डक्ट मिळाला पण त्याचे चेंबर कंपनीच्या कुलपात, असा देकार निरुपयोगी असतो.

एकाच कंपनीला मार्गाचा एकाधिकार देऊ नये, दूरसंचार कायदाही भेदभावरहित आणि शक्यतो बिगर-एकाधिकार परवानगीचीच अपेक्षा करतो. आपल्या डक्टमधून दुसऱ्या कंपनीची केबल नेण्यापूर्वी सूचना द्यावी, विलीनीकरण झाल्यास नव्या कंपनीने तीस दिवसांत जबाबदारी स्वीकारल्याचे पत्र द्यावे आणि वापरातून गेलेली वाहिनी काढावी किंवा भरून बंद करावी, ही तीन वाक्ये पुरेशी आहेत. हमी राष्ट्रीयीकृत बँकेच्या गॅरंटीच्या रूपात घ्यावी आणि तिची मुदत दोषदायित्वापेक्षा सहा महिने अधिक असावी.

उल्लंघनासाठी करार रद्द करण्याची एकच शिक्षा लिहिणे व्यर्थ आहे, कारण हजारो घरांची वीज किंवा गॅस कोणी बंद करणार नाही. दर दिवसाचा दंड, नोटिशीनंतर महापालिकेने काम करून गॅरंटीतून वसुली आणि त्या कंपनीच्या नव्या परवानग्या रोखणे, अशी चढती उतरंड प्रत्यक्षात उपयोगी पडते. परवानग्या रोखण्याचे कलमही ‘लागू नियमांना अधीन राहून’ लिहावे.

सही आणि त्यानंतर

महापालिकेच्या वतीने करार कोणी व कोणत्या रीतीने करायचा, हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७३ व ७४ मध्ये सांगितले आहे. कनिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रव्यवहारातून करार झाला असे समजून कोणीही काम सुरू करू नये. मंजुरीच्या ठरावाचा क्रमांक आणि दिनांक प्रस्तावनेत द्यावा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर प्रशासकांच्या काळात झालेल्या करारांचे नूतनीकरण करताना मूळ मंजुरी कोणत्या अधिकारात दिली गेली होती, हे पाहून घ्यावे. मुद्रांक शुल्क भरल्याशिवाय दस्त पुराव्यात अडकतो, म्हणून ते कोणी भरायचे हेही लिहावे.

सही झालेला करार मुख्य इमारतीतील कपाटात जातो आणि रस्ता मात्र क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत खणला जातो. त्यामुळे कराराचा एक पानी उतारा तयार करून क्षेत्रीय कार्यालय, पाणीपुरवठा विभाग आणि वाहतूक पोलीस यांना काम सुरू होण्यापूर्वी द्यावा. त्यात मार्गाचा छोटा नकाशा, मंजूर खोली, खोदाईच्या दोन तारखा, ठेकेदाराच्या जागेवरील माणसाचा आणि कंपनीच्या चोवीस तास चालू असलेल्या कक्षाचा दूरध्वनी क्रमांक एवढेच असावे. रात्री अडीच वाजता जलवाहिनी फुटली, तर कनिष्ठ अभियंत्याच्या हातात पूर्ण करार नसतो, हे पान असते.